आधी नाव, मग घोडा

४ सप्टेंबर

वकीलबाई म्हणाल्या, जे जे घडंल ते तारखेनिशी लिहून ठेवा, कोर्टात कामाला येतं. म्हणून ही वही. निकिताची बारावीची आहे, अर्धी कोरीच राहिलेली. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण वाचता येतं.

तर लिहिते. परवा दुपारी माझी लेक निकिता फाट्यावर एष्टीतून उतरली. एका पायात चप्पल. डावा हात ओढणीत बांधलेला. मी रानात खुरपत होते. लांबून ओळखलीच न्हाय, म्हणलं कुणी भिकारीण आली. जवळ आल्यावर विचारलं, "श्रिया कुठंय?" तर बांधावर खालीच बसली.

श्रिया तिची पोरगी. तीन वर्षांची. जावयानं ठेवून घेतली. म्हणला, तू जा कुठं जायचं तिकडं, पोरगी हितंच राहील. मग बघतो कशी येत न्हाईस ते.

हात दोन जागी मोडलाय. डागदर म्हणला, नुसतं पडून असा मोडत न्हाय. मला काय सांगतो? मला कळत न्हाय व्हय?

जावयाचं नाव कृष्णराज. पाळण्यात हे नाव ठेवणारी आत्या कोण, तिला एकदा बघायचंय मला.

८ सप्टेंबर

ठाण्यात अर्ज दिला. साहेब म्हणला घरातलं भांडण आहे, आधी बैठक घेऊन बघा. गेलो. त्यांचं घर तामलवाडीकडं. आमचे हे, बलभीम, जाताना मला दहादा म्हणले, तू बोलू नको, मी बोलतो. बोलले बी. हळूहळू, समजुतीनं, दूधवाल्याशी बोलावं तसं. बजरंगराव, म्हणजे कृष्णराजचे वडील, आमचे इवाई, मान खाली घालून सुपारी कातरत बसले. कृष्णराज भिंतीला टेकून मोबाईल बघत हसत होता.

मधी बसवलेला त्यांचा कुणी पाव्हणा म्हणला, "बाईच्या जातीनं थोडं सोसावं."

म्या चप्पल फेकली. लागली बी.

बैठक मोडली. आतल्या खोलीत श्रिया रडत होती, "आज्जी, आज्जी" करत होती. दार उघडू दिलं न्हाय त्यांनी.

येताना जीपमधी हे म्हणले, "झालं का मनासारखं?"

म्या म्हणलं, "व्हय. कानावर लागली."



११ सप्टेंबर

त्याचा फोन आला. म्या घेतला. म्हणला, "दिवाळीपर्यंत तिला धाडा. न्हाय धाडली तर मी येतो. येताना कोयता घेऊन येतो, मग तुमी काय ते तिचे तुकडे गोळा करा." मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत न्हाय, वकीलबाई वाचतील. फोन मोठ्या आवाजावर होता. निकिता उठून गोठ्यात गेली आणि म्हशीच्या मागं जाऊन बसली. चोवीस वर्षांची पोर. म्हस शेपटी मारती, ही हलत न्हाय.

आमची वस्ती रानात. जवळचं घर म्हणजे शंकरप्पा पोलीस पाटलाचं, तिथवर हाक पोचत न्हाय. हे असून नसल्यासारखे. साखरंनं पाय सुजलेत, डोळ्यात मोतीबिंदू आलाय. संध्याकाळी म्हस कुठली आणि रेडकू कुठलं ते कळत न्हाय.

पण घरात बंदूक आहे.

१२ सप्टेंबर

बंदूक म्हणजे बारा बोरची, एकनळी. हे तुळजापुरात एका पतसंस्थेच्या दारात बंदूक घेऊन उभे असायचे, सगळा जन्म त्यात गेला. नोकरी सुटली, लायसन राहिलं, डुकरांपासून पीक राखायला म्हणून. औंदा डुकरांना बी हाकललं न्हाय, कारण दिसतच न्हाय.

म्या म्हणलं, "मला शिकवा."

"लायसन माझ्या नावावर आहे. तू हात लावलास तरी गुन्हा."

"आणि त्यानं कोयता लावला तर?"

हे तंबाखू मळायला लागले. म्या म्हणलं, "तुमी शिकवलं न्हाय तरी मी घेणार. मग मला नळी कुठली आणि दस्ता कुठला ते बी कळणार न्हाय, काय करायचं ते करीन."

मग म्हणले, "उद्या खदानीत चल. आणि हे सगळं वहीत लिहू नको."

लिहिणार. पण ही पानं वकीलबाईला दाखवायची न्हायत. फाडून ठेवीन.

१६ सप्टेंबर

चार दिवस झाले, काडतूस म्हणून हातात दिलेलं न्हाय. समोर डबडं ठेवायचं, नळीवर रुपया ठेवायचा, घोडा ओढायचा. रुपया पडला न्हाय पायजे. पडतोच. म्या म्हणलं, कृष्णराज काय नाणं वेचायला येणार आहे का?

"घोडा ओढायचा नसतो," म्हणले. "दाबायचा. म्हशीचा सड दाबतीस तसा. हिसका दिला तर म्हस लाथ मारंल."

ते समजलं. दुपारून रुपया राहिला.

बोट घोड्यावर ठेवलं की हातावर काठी मारतात. बोट बाहेर सरळ ठेवायचं, बघायचं, काय दिसतंय त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, मग बोट आत. आधी नाव, मग घोडा. "डबडं" म्हण. "दगड" म्हण. "कुत्रं" म्हण. बालवाडीतल्या पोरासारखं मी खदानीत उभी राहून दगड, डबडं ओरडते. शंकरप्पाची सून सरपण न्यायला आली होती, तोंडाला पदर लावून हसत गेली.

म्या म्हणलं, हे नाव घ्यायचं कशाला?

"आमच्यातल्या एकानं बँकेच्या साफसफाईवाल्यावर उडवली होती. पहाटचा आला म्हणून. तोंडानं नाव घेतलं असतं तर कळलं असतं."

"मेला का तो?"

"कोण?" म्हणले. मग म्हणले, "दोघं बी."

२० सप्टेंबर

पहिला बार काढला. डोळे मिटले मी, कबूल. खांदा निळा पडला, कानात अजून भुंगा आहे. डबडं जागच्या जागी.

हे म्हणले, "गोफण मारताना डोळे मिटतीस का?"

न्हाय. जवारीच्या माळ्यावर उभी राहून मी लहानपणी साळुंकी उडायच्या आत पाडलेली आहे. बापाच्या रानात माझ्याएवढी गोफण कुणाला येत न्हवती. आठवलं आणि राग आला. दुसरा बार डोळे उघडे ठेवून काढला. नळीच्या टोकाला बारका मणी असतो त्याला माशी म्हणतात. माशी डबड्यावर बसली, तशी दाबला. डबडं उडालं.

लई दिवसांनी मी हसले. घरी येऊन निकिताला सांगितलं, तर ती म्हणली, "आई, मला माझी पोरगी पायजे. बंदूक नको."

म्या म्हणलं, पोरगी काय मागून मिळणार आहे? हिला तर काहीच समजत न्हाय. जेवत बी न्हाय. वेणी घालत न्हाय. नुसती मोबाईलमधी श्रियाचा एक व्हिडिओ परत परत लावती, त्यात श्रिया केळ खाते, बाकी काय न्हाय.

२३ सप्टेंबर

काल घट बसले. पाऊस थांबंना. वाटंनं चालत तुळजापूरला जाणारी माणसं भिजून चिंब. ओढ्याला पाणी, सोयाबीन कुजलं. रानात जाता येईना म्हणून घरातच रुपया ठेवून दाबत बसते.

वकीलबाईचा फोन. तारीख पडली ती डिसेंबरातली. म्या म्हणलं, "बाई, तवर पोरगी मला ओळखायची न्हाय." त्या म्हणाल्या, धीर धरा. धीर काय दुकानात मिळतो?

२७ सप्टेंबर

आज लई चांगलं झालं.

ह्यांनी खदानीत पोत्यात कडबा भरून तीन बुजगावणी केली. एकाला स्वतःची जुनी पँट आणि जरकीन. एकाला निकिताचा ड्रेस. एक बारकं, त्याला श्रियाचा फ्रॉक, गेल्या जत्रंला राहिलेला, पिवळा. मला सांगितलं, दगडाच्या मागून ये, कुठलं कुठं उभं केलंय तुला ठाव न्हाय, बघ, नाव घे, मग काय ते कर. तिघांची जागा दर टायमाला बदलत होते.

दोनदा बरोबर झालं. तिसऱ्यांदा म्हणले पळत ये, तो पळतच येणार आहे. मी पळत आले, जरकीन दिसलं, "कृष्णराज!" म्हणून ओरडले आणि दिला दणका. जरकिनाची चाळण. कडबा बाहेर.

फ्रॉकवालं त्याच्या अंगालाच टेकून ठेवलं होतं ह्यांनी. त्याला बी लागले छर्रे. पसरतातच ते, त्याला मी काय करू? असं चिकटवून ठेवायचंच कशाला? पण माणूस पडला ना. त्याच्या छातीतच बसलाय बार, म्या बोटं घालून बघितलं.

म्या म्हणलं, "जमलं का न्हाय?"

हे बुजगावण्यापाशी बसून होते. फ्रॉक काढला, घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवला. म्हणले, "जमलं."

घरी जेवले न्हायत. पोटात गडबड आहे म्हणले.

२८ सप्टेंबर

धुण्यात निकिताला फ्रॉक सापडला. भोकं बघून तिनं जे रडं काढलं, म्या म्हणलं अगं जुना आहे, मापात बी बसत न्हाय आता, नवा घेऊ. ऐकायलाच तयार न्हाय. ह्यांनी तिला आत नेलं, दार लावलं, बाप-लेक काय बोलले ठाव न्हाय. मी चूल फुंकत बसले. ह्या घरात मी एकटी कामाची आहे आणि सगळे माझ्याकडंच असं बघतात.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळीच हे म्हणले, तुळजापूरला जा, झेंडूची फुलं आण, आपट्याची पानं आण. म्या म्हणलं, बांधावर झेंडू आहे की. तर म्हणले, त्याला पाणी लागून काळा पडलाय. औंदा हत्याराची पूजा नीट करायची. गेले. गर्दी मुंगीला वाट न्हाय अशी. लांबूनच कळसाला हात जोडले, म्हणलं आई, एवढं निभवून ने. यायला दुपार झाली.

पूजा मांडून झालेली. कोयता, कुऱ्हाड, विळे, खुरपी, फाळ, आणि मधी पाटावर बंदूक. नळीला हळदीकुंकू. खाली दर वर्षी तांदूळ पसरतो, औंदा जवारी. म्या म्हणलं, जवारी कशाला? "आपल्या रानातली आहे," म्हणले. पार पडवीपर्यंत दाणे सांडलेले. पुरुष माणसाचं काम.

काडतुसं बी पूजेला ठेवली होती, दोन, तोंडाला मेण लावून वर कुंकवाची बोटं. मेण कशाला तर पावसानं सर्द झालीत, ओल जाऊ नये म्हणून. घरातली मेणबत्ती अर्धी संपवली.

मग मला समोर बसवून म्हणले, "ऐक. आता शिकून झालं. ही दोन पूजलेली आहेत. डबड्यावर, डुकरावर उडवायची न्हायत. वेळ आलीच तर त्याला. बाकीची मी काढून टाकली."

"टाकली? कुठं?"

"विहिरीत. घरात जास्त नकोत."

वेड लागलंय. पण पूजलेल्याला कोण हात लावणार? देवीचं आहे ते. म्या डोकं टेकलं. नैवेद्याची पुरणपोळी बऱ्या दिवसांनी ह्यांनी दोन खाल्ली.

६ ऑक्टोबर

काडतूस नळीत घालून, परत काढून बघते, हात बसावा म्हणून. पहिल्यापेक्षा हलकं वाटतं. म्हणलं चला, हात बळकट झाला माझा.

आणखी एक चांगलं. ह्यांनी तंबाखू सोडली. जन्मभर सांगून सोडली न्हाय ती दसऱ्यापासून बंद. डबी खिशातच असती पण उघडत न्हायत. म्या म्हणलं द्या फेकून, तर म्हणले, राहू दे, सवय आहे हाताला.

१५ ऑक्टोबर

चार दिवसांमागं त्यानं व्हिडिओ फोन केला. श्रियाला पुढं धरलं. पोरीचे केस कुणी विंचरलेले न्हायत, नाकाला शेंबूड. त्यानं तिला विचारलं, "आई कशी आहे? सांग, आई घाण आहे." पोरगी बोलंना. त्यानं तिचा दंड दाबला. पोरगी बोलली.

निकितानं फोन टाकून दिला आणि भिंतीवर डोकं आपटायला लागली. दोघांनी धरली तिला.

मग त्याचं एकच वाक्य, "दिवाळी जवळ आली."

त्या दिवसापासून मी दिवसभर बंदूक घेऊन उंबऱ्यात बसते. स्वयंपाक उंबऱ्यातून दिसंल असा करते. परसाकडला जाताना बी निकिताला सांगून जाते, आत कडी लाव. गाडीचा आवाज आला की उठून उभी राहते. लाल गाडी आहे त्याची, सायलेन्सर फाटका, लांबून फटफट ऐकू येते. कुणाची बी गाडी मला तशीच ऐकू येते. काल दूधवाल्यावर रोखली. त्यानं कासंडी तिथंच टाकली. ह्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "नाव घेतलं होतंस का?"

न्हाय घेतलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दिवाळी गेली. तो आला न्हाय. आला असता तर बरं झालं असतं. हे वाट बघणं मारून टाकतंय. ना पणती, ना फराळ. सोलापूरहून माझा भाऊ आला, उंबऱ्यात बंदूक बघून ओवाळून न घेताच निघाला. जाऊ दे. भित्रा.

३० ऑक्टोबर

हे कुणाशी तरी फोनवर बोलतात. बांधावर जाऊन, माझ्याकडं पाठ करून. मी गेले की बंद. विचारलं तर म्हणतात, कडब्याचं गिऱ्हाईक. औंदा कडबा कुठाय?

काल कान देऊन ऐकलं. म्हणत होते, "पोराला कळू देऊ नका." आणि "मी फाट्यावर थांबतो."

मला कळलं. हे माझ्या लेकीला परत धाडायचं बघतात. इवायाशी बोलणी चालली आहेत, फाट्यावर नेऊन सोडणार हिला, गुपचूप, दूध घालायला गेल्यासारखं. म्या भांडं आपटलं, म्हणलं, "तुमी फितूर झालात."

"मी काय झालो ते तुला सांगितलं," म्हणले, "तर तू अर्ध्या तासात फोन करून त्यालाच शिव्या घालत सांगशील."

म्हणजे आहे काहीतरी. आता मी ह्यांच्यावर बी नजर ठेवून आहे.

५ नोव्हेंबर

शंकरप्पा पाटील आले. इलेक्शन लागलं, सगळ्या लायसनवाल्यांनी हत्यार ठाण्यात जमा करायचं. सोमवारच्या आत. हे लगेच हो म्हणले. एवढ्या लवकर तर लग्नाला बी हो म्हणले न्हवते.

म्या म्हणलं, "पाटील, सोमवारी बंदूक गेली आणि मंगळवारी तो आला तर तुमी येणार का मधी?"

"वहिनी, कायदा आहे."

"मग कायद्याला सांगा उंबऱ्यात येऊन बसायला."

पाटील चहा अर्धा ठेवून गेले.

सोमवारपर्यंत आहे. तवर आला पायजे तो. हात जोडून सांगते देवी, तवर धाड त्याला.

९ नोव्हेंबर

अक्षर कसं येतंय ते येऊ दे.

सकाळी धुकं होतं. हे उजाडताच काठी घेऊन निघाले. म्या विचारलं कुठं, म्हणले फाट्यावर. म्या निकिताला आत घातलं, बाहेरून कडी लावली. म्हणलं, बघू कुणाला नेतात फाट्यावर. आणि गोठ्याच्या कोपऱ्याला बंदूक घेऊन उभी राहिले.

फटफट ऐकू आली. फाट्याच्या वाटंनं न्हाय, कॅनॉलच्या अंगानं. चोराच्या वाटंनं. तीच गाडी, तोच फाटका आवाज. फाटकापाशी येऊन थांबली. लाल. त्याचं ते काळं हेल्मेट. काळं जरकीन. उतरला. छातीशी काहीतरी शालीत गुंडाळून धरलेलं. मला वाटलं, कोयता.

बोट बाहेर ठेवलं. बघितलं. सगळं शिकवल्यासारखं केलं. "कृष्णराज!" म्हणून ओरडले, एवढ्यानं की म्हस उठून उभी राहिली. तो जागच्या जागी वळला, माझ्याकडं पाठ केली आणि शालीवर वाकला.

माशी पाठीवर बसली. दाबला. हिसका दिला न्हाय.

आवाज झाला. तो गुडघ्यावर बसला. आणि शालीतून पोरीचं रडणं आलं.

म्या ते रडणं ओळखलं.

कशी पळाले ठाव न्हाय. बंदूक हातात होती का टाकली ते बी ठाव न्हाय. शाल ओढली, तर श्रिया. डोळे मिटून, तोंड उघडून रडत होती. केसात पांढरं पांढरं. कपाळावर पांढरं. मला वाटलं पोरीचं डोकं

लिहिता येत न्हाय.

म्या हात फिरवला. दाणा. हाताला दाणा लागला. दुसरा लागला. जवारी. शालीवर जवारी, जरकिनावर जवारी, हेल्मेटच्या खाचंत जवारी. रक्त न्हाय. मी तिच्या केसातनं दाणे वेचते आणि रक्त शोधते, दाणे वेचते आणि रक्त शोधते.

त्या माणसानं हेल्मेट काढलं. बजरंगराव. इवाई. मानंवर तेवढा लाल चट्टा, मेणाचा तुकडा लागून. माझ्याकडं बघितलं, मातीतल्या दाण्यांकडं बघितलं. म्हणले,

"इहीणबाई, पाव्हण्याला हुरडा असा देत्यात व्हय तुमच्यात?"

आणि रडायला लागले.

पोरगं दारू पिऊन आडवं पडलं होतं म्हणून म्हाताऱ्यानं त्याचीच गाडी, त्याचंच हेल्मेट-जरकीन घेऊन नातीला उचलून आणलं. फाट्यावर गावचं कुणी बघंल म्हणून कॅनॉलकडनं वळले. हे तिकडं फाट्यावर वाट बघत उभे. एवढे दिवस ह्या दोन म्हाताऱ्यांचं हे चाललेलं.

बार ऐकून हे आले. सुजल्या पायानं पळत आले, काठी कुठं टाकली कुणास ठाव. आधी पोरीला चाचपली, डोक्यापासून पायापर्यंत, आंधळा चाचपतो तशी. मग भुईवरची बंदूक उचलून उघडली. मग खाली बसले, आणि एकच म्हणत राहिले, "जवारी हाय गं. जवारी हाय. जवारी."

म्या म्हणलं, "कवा?"

"खंडेनवमीला. तू फुलं आणायला गेलतीस तवा."

"मला फसवलं."

"व्हय."

"तो खरंच आला असता तर? जवारीनं काय झालं असतं त्याला?"

ह्यांनी खिशातून तो पिवळा फ्रॉक काढला आणि श्रियाचं नाक पुसलं. धुऊन परत खिशातच ठेवला होता.

निकिता आतून दार बडवत होती. कडी मीच लावलेली. पोरीचं रडणं ऐकून तिनं दाराला नखं लावलेली, लाकडात ओरखडे आहेत. उघडली तेव्हा ती माझ्या अंगावरून गेली. मी तिथं आहे हे तिला दिसलंच न्हाय.

१० नोव्हेंबर

बंदूक ठाण्यात जमा केली. मी सोबत गेले न्हाय. बजरंगरावांनी तिथंच जबाब दिला, पोरानं सुनंचा हात मोडताना डोळ्यानं बघितलं म्हणून. हे सांगत होते, बोलताना म्हाताऱ्यानं दोनदा पाणी मागितलं. साहेबानं ह्या वेळंला लिहून घेतलं. कृष्णराज घरात न्हाय, सोलापूरकडं पळाला म्हणतात. म्हणजे आहे कुठंतरी. भीती गेली असं काही न्हाय. गाडी वाजली की अजून उंबऱ्याकडं धावते, आणि आता उंबऱ्यात काही न्हाय.

बजरंगराव आमच्याकडंच आहेत. कुठं जाणार? सुपारी कातरत बसतात. मी त्यांच्या पाया पडले, तर पाय मागं घेतले.

१३ नोव्हेंबर

ही पानं फाडायची होती. फाडत न्हाय.

निकिता बोलती आता, थोडं. पोरीचे केस विंचरताना अजून एखादा दाणा निघतो. ती तो गुपचूप बाजूला ठेवते, माझ्याकडं बघत न्हाय.

आज दुपारी श्रिया पडवीत काहीतरी वाजवत पळत होती. "आज्जी, खुळखुळा!" बघितलं तर ह्यांची तंबाखूची डबी. बंडीतून काढलेली. म्या हातातून घेतली, उघडली.

तंबाखू न्हवती. छर्रे होते. काळे, बारके, डबी काठोकाठ भरून. दोन काडतुसांतले.

मुठीत घेतले. एवढीशी मूठ, पण लई जड. काडतूस हलकं लागलं तवा म्या म्हणलं होतं, हात बळकट झाला. मूठ मिटून त्या फाटकाकडं बघत उभी राहिले. धुकं न्हवतं, सगळं स्वच्छ दिसत होतं, इथून तिथवर.

श्रियानं खुळखुळा घेतला म्हणून भोकाड पसरलं. निकिता आतून म्हणली, "आई, काय झालं? घे की तिला."

म्या घेतलं न्हाय. रडू दिलं. लई वेळ रडली पोरगी, पाय आपटून, घसा फोडून. मी ऐकत उभी राहिले.